नाटकातून कॅमेऱ्यासमोर जाताना अॅलेक गिनेस कसा बघायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी २४ वर्षांचा आहे. सात वर्षं एकांकिका आणि प्रायोगिक नाटकं केली. आता मालिकांच्या, वेबसीरिजच्या ऑडिशन देतो, तर सगळीकडे एकच ऐकायला मिळतं: काम नाटकी होतंय, कमी कर. इंग्लंडमधले नट आयुष्यभर रंगमंच आणि पडदा दोन्हीकडे सहज वावरतात. त्यांच्यापैकी एकाचीच कारकीर्द नीट अभ्यासायची असेल तर कोणाची, आणि नेमकं काय बघायचं?"

अॅलेक गिनेस या इंग्रज नटाची. मला फार विचार करावा लागला नाही. मी गेली एकतीस वर्षं नाटकं बसवते आणि त्यातली पंधराएक वर्षं नाटकातून कॅमेऱ्याकडे वळणाऱ्या मुलामुलींबरोबर काम करते. गिलगुड, ऑलिव्हिए, राल्फ रिचर्डसन हे त्याच्या आधीच्या फळीतले तिघं. रंगमंचावरचे नट म्हणून मी त्यांना गिनेसपेक्षा वर ठेवीन. पण तुझा प्रश्न एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्याचा आहे, आणि ते अंतर गिनेसइतकं जाणूनबुजून, एकेक पाऊल मोजत चाललेला दुसरा नट माझ्या पाहण्यात नाही. शिवाय तो दोन-तीनदा जोरात आपटलाय. त्या आपटण्यातूनही शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

आधी त्या ‘कमी कर’बद्दल बोलू, कारण या सूचनेने मी चांगली मुलं खचलेली पाहिली आहेत. ‘कमी कर’ म्हटलं की नट आवाज खाली आणतो, हात मांडीवर दाबून ठेवतो, भुवया हलू नयेत म्हणून कपाळ ताठ करतो. आतला सगळा पसारा तसाच राहतो, वर फक्त झाकण बसतं. क्लोजअपमध्ये ते झाकण स्वच्छ दिसतं. गिनेस पडद्यावर इतका थोडका दिसतो त्याचं कारण वेगळं आहे. त्याचं निम्मं काम कॅमेरा सुरू होण्याच्या कितीतरी आधी झालेलं असायचं. हा माणूस चालतो कसा, त्याचे बूट कसले, तो डोळ्याला डोळा कधी देतो आणि कधी टाळतो, हे एकदा अंगात मुरलं की टेकच्या वेळी करून दाखवायला काही उरतच नाही. मी खाली जे काही सांगणार आहे ते या एकाच गोष्टीभोवती आहे.

त्याचा जन्म २ एप्रिल १९१४चा, लंडनमधला. आई अविवाहित. वडील कोण हे त्याला शेवटपर्यंत खात्रीने कळलं नाही. चौदा वर्षांचा होईपर्यंत आपली तीन वेगवेगळी नावं झाली होती, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. मानसशास्त्र सांगण्याचा मला अधिकार नाही, पण ज्याला लहानपणीच ‘मी अमुक’ असं ठामपणे सांगता आलं नाही, त्याने पुढे नाव, हुद्दा, गणवेश यांच्या आड दडलेली माणसं इतकी अचूक उभी केली, हे मला कधीच योगायोगाचं वाटलेलं नाही.

शाळा संपल्यावर तो एका जाहिरात संस्थेत मजकूर लिहायला लागला. नट व्हायचं मनात होतंच. त्याने थेट जॉन गिलगुडला गाठलं. गिलगुडने त्याला मार्टिटा हंट या अभिनेत्रीकडे शिकवणीला पाठवलं, आणि थोड्याच तासांत बाईंनी सांगून टाकलं की तू नट होणार नाहीस. नंतर त्यांनीच त्याला शिकवलं. फे कॉम्प्टनच्या नाट्यशाळेत शिष्यवृत्ती मिळाली, पण खायची भ्रांत होती. गिलगुडने वीस पौंड पुढे केले तेव्हा या मुलाने मानीपणाने नको म्हटलं. १९३४ मध्ये, आपल्या विसाव्या वाढदिवसाला, तो पहिल्यांदा व्यावसायिक रंगमंचावर उभा राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस गिलगुडच्या ‘हॅम्लेट’मध्ये त्याला ऑस्रिकची भूमिका मिळाली. ऑस्रिक म्हणजे शेवटच्या अंकात येणारा नटवा दरबारी, पाच-सात मिनिटांचं काम.

इथे जरा थांब. पुढची चार वर्षं गिनेसने असलीच कामं केली: ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधला विष विकणारा औषधवाला, ‘रिचर्ड द सेकंड’मधला घोड्यांची देखभाल करणारा सेवक, चेखॉव्हच्या ‘तीन बहिणीं’मधला फेदोतिक. १९३७-३८च्या हंगामात गिलगुडच्या क्वीन्स थिएटरमधल्या मंडळीत पेगी अॅशक्रॉफ्टसारखे नट होते, आणि हा पोरगा रोज विंगेत उभा राहून त्यांना बघायचा. छोट्या भूमिकेत नटाला भाषण मिळत नाही, प्रवेश मिळतो. दार उघडून आत येईपर्यंत प्रेक्षकाला माणूस कळला पाहिजे. तिथे चालच उपयोगी पडते. तू एकांकिकांमध्ये नेहमी मुख्य भूमिका केल्या असशील तर मी तुला पुढचं वर्षभर ‘तीन वाक्यांची’ कामं मागून घ्यायला सांगेन. कॅमेऱ्यासमोर पहिली काही वर्षं तशीच कामं मिळतात, आणि स्पर्धांमधल्या एकांकिका आपल्याला ती करायला शिकवत नाहीत.

१९३८ मध्ये, चोविसाव्या वर्षी म्हणजे तुझ्याच वयात, तो लंडनच्या ओल्ड व्हिक थिएटरमध्ये हॅम्लेट झाला. टायरोन गथ्रीने अख्खी संहिता न कापता, आधुनिक पोशाखात केलेला प्रयोग होता तो. ऑफिलियाच्या दफनाच्या वेळी रंगमंचावर छत्र्या होत्या. हॅम्लेटची गोष्ट पुढे परत येणार आहे, लक्षात ठेव.

मग युद्ध. तो नौदलात खलाशी म्हणून भरती झाला, अधिकारी झाला, १९४३ मध्ये सिसिलीवर सैन्य उतरवणाऱ्या एका बोटीचा ताबा त्याच्याकडे होता. वेळ पुढे ढकलल्याचा निरोप त्याच्यापर्यंत पोचलाच नाही आणि तो ठरल्या वेळी किनाऱ्याला लागला. वरिष्ठ अधिकारी भडकला, तेव्हा आमच्या नाटकात पडदा जाहीर केलेल्या वेळेलाच वर जातो, असं काहीसं उत्तर त्याने दिलं. उशिरा येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ही गोष्ट ऐकवते.

पडद्यावर तो आला तो स्वतः लिहिलेल्या नाटकाच्या दारातून. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चं नाट्यरूपांतर त्याने १९३९ मध्ये केलं होतं. त्यात तो हर्बर्ट पॉकेट झाला होता आणि मिस हॅविशॅम होती तीच मार्टिटा हंट. दिग्दर्शक डेव्हिड लीनने तो प्रयोग पाहिला, आणि १९४६ मध्ये सिनेमा केला तेव्हा दोघांना त्याच भूमिकांत घेतलं. हा हर्बर्ट बघ: प्रसन्न, साधा, काहीच ‘करत’ नसलेला तरुण. लगेच दोन वर्षांनी लीनच्याच ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये गिनेसने फॅगिन मागितला. लीन तयार नव्हता. त्या गोऱ्यागोमट्या हर्बर्टचा म्हातारा चोरांचा म्होरक्या कसा होणार? गिनेसने चाचणी मागितली आणि पुस्तकातल्या जुन्या चित्रांवरून केलेल्या पूर्ण रंगभूषेत समोर येऊन उभा राहिला. भूमिका मिळाली.

फॅगिनबद्दल एक गोष्ट मी सोडून देणार नाही. ते लांब नाक आणि एकूण चेहरा ज्यू लोकांची टवाळी करणाऱ्या चित्रांसारखा होता, आणि युद्ध संपून जेमतेम तीन वर्षं झाली होती. बर्लिनमध्ये निदर्शनं झाली, अमेरिकेत सिनेमा १९५१ पर्यंत अडला आणि काटछाट करून लागला. अभिनय म्हणून काम थक्क करणारं आहे. पण बाहेरून माणूस बांधत जाण्याच्या पद्धतीत हा धोका कायम असतो: निरीक्षण कुठे संपलं आणि तयार साचा कुठे सुरू झाला, हे नटाला स्वतःला कळत नाही. हेच पुढे गोडबोले या भारतीय प्रोफेसरच्या भूमिकेत आलं, तिथे सविस्तर बोलू.

आता १९४९चा ‘काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स’. इलिंग स्टुडिओचा हा सिनेमा तू किमान तीनदा बघावास. एका सरदार घराण्याचा वारसा मिळवण्यासाठी एक दूरचा नातेवाईक मधल्या बहुतेकांना एकेक करून संपवतो, आणि घराण्यातले ते आठही जण गिनेस आहे: ड्यूक, बँकर, पाद्री, सेनापती, नौसेनापती, दोन तरुण आणि लेडी अगाथा. त्याला आधी चारच भूमिका देऊ केल्या होत्या. आठही का नकोत, असं त्यानेच विचारलं.

आपल्याकडे बहुरूपी काम म्हटलं की पणशीकर पंत आठवणारच. ‘तो मी नव्हेच’मध्ये १९६२ पासून ते फिरत्या रंगमंचावर पाच रूपं घ्यायचे. पण दोन्हींतला फरक बघ, अभिनयाच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे. पंतांचा एकच माणूस पाच सोंगं घेत होता. प्रत्येक सोंगाच्या आत लखोबा थोडासा दिसत राहायला हवा होता, नाहीतर नाटकच कोसळलं असतं. गिनेसपुढचं गणित उलटं: माणसं खरंच आठ, पण घराणं एक. तेव्हा त्याने सगळ्यांना एक सामाईक गोष्ट दिली, समोरच्याकडे किंचित वरून बघण्याची सवय. मग प्रत्येकात ती वेगळ्या जागी ठेवली. ड्यूकमध्ये ती हनुवटीत आहे. नौसेनापतीत ताठ पाठीत. म्हाताऱ्या पाद्र्यात ती जवळजवळ विझलीय; तो आपल्या चर्चबद्दल इतकं रटाळ बोलतो की त्याचा खुनीही कंटाळतो, पण आपलं ऐकून घेतलंच जाणार याची त्याला जी खात्री आहे, ती अस्सल घराण्याची आहे. लेडी अगाथा करताना त्याने बायकी हावभाव जवळपास केलेच नाहीत. आपल्याकडे पुरुषाने स्त्री-भूमिका विनोदासाठी केली की काय काय होतं, ते तू पाहिलंच असशील.

त्यात चर्चमधला एक शॉट आहे. घराण्यातले सहा जण एकाच चौकटीत बसलेले. तेव्हा संगणक नव्हते. डग्लस स्लोकोम या छायाचित्रकाराने कॅमेरा जागेवर घट्ट बसवला, चौकटीचा एकेक भागच उघडा ठेवला, आणि एक भूमिका चित्रित झाली की तीच फिल्म मागे गुंडाळून पुढची घेतली. म्हणजे गिनेसला प्रत्येक वेळी रंगभूषा बदलून, शेजारी कोणीही नसताना, त्या न बसलेल्या माणसांमध्ये बसायचं होतं. मी मुलांना हा शॉट आवाज बंद करून दाखवते आणि चेहरे हाताने झाकायला सांगते. नुसत्या माना आणि खांदे बघून कोण कोण ते ओळखा. बहुतेकांना चार तरी ओळखता येतात.

पुढची काही वर्षं विनोदी कामांची आहेत. ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’, ‘द मॅन इन द व्हाइट सूट’, ‘द लेडीकिलर्स’ हे सगळे आनंदाने बघ. त्यावर मी फार बोलत नाही.

त्याऐवजी १९५१चा ‘हॅम्लेट’ समजून घे. या वेळी तो सदतीस वर्षांचा, प्रसिद्ध, दिग्दर्शनातही त्याचा वाटा. लंडनच्या न्यू थिएटरमध्ये पहिल्याच प्रयोगाला प्रकाशयोजनेचा पार गोंधळ उडाला, आणि शेवटी वरच्या गॅलरीतून हुर्यो झाली. समीक्षकांनी धुऊन काढलं. पण दिव्यांवर सगळं ढकलून चालणार नाही. त्याला हॅम्लेट पारंपरिक गर्जना न करता, आतल्या आवाजात, जपून करायचा होता. हॅम्लेट हा असा माणूस आहे की तो आपलं आतलं सगळं प्रेक्षकांपुढे ओततो. गिनेसची ताकद नेमकी उलटी, काहीतरी राखून ठेवणाऱ्या माणसांची. पडद्यावर कॅमेरा जवळ येऊन ते राखून ठेवलेलं काढून घेतो. हजार प्रेक्षकांच्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत ते पोचवायचं काम नटाचं असतं, आणि त्या रात्री ते पोचलं नाही. हा घाव त्याला खोलवर लागला. १९६६ मध्ये रॉयल कोर्ट थिएटरमध्ये सिमोन सिन्योरेबरोबर केलेला ‘मॅकबेथ’ही असाच कोसळला.

म्हणून म्हणते, ‘कमी’ हा गुण आणि ‘जास्त’ हा दोष, असं मनात धरू नकोस. तुझ्याकडे शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज असेल तर तो सांभाळ. कॅमेऱ्यासाठी तो मारून टाकलेली मुलं मी पाहिली आहेत. पुढे नाटक मिळालं तेव्हा त्यांना तिसऱ्या रांगेपलीकडे ऐकू जाईना.

आणि गिनेसने नाटक सोडलं नाही, हेही बघ. १९५३ मध्ये तो कॅनडातल्या स्ट्रॅटफर्डला गेला. तिथे नव्या नाट्यमहोत्सवासाठी इमारतसुद्धा नव्हती, मोठा तंबू होता, आणि तीन बाजूंनी प्रेक्षक असलेल्या मंचावर त्याने तिसरा रिचर्ड केला. १९६० मध्ये ‘रॉस’ या नाटकात तो टी. ई. लॉरेन्स झाला, १९६४ मध्ये कवी डिलन टॉमसच्या भूमिकेसाठी ब्रॉडवेवर टोनी पुरस्कार मिळाला. शेवटचं नाटक १९८८ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, दोन पात्रांचं.

‘फादर ब्राउन’ची गोष्ट मला सांगायलाच हवी. १९५४च्या या सिनेमाचं चित्रीकरण फ्रान्समधल्या बर्गंडीत चालू होतं. संध्याकाळी तो पाद्र्याच्या झग्यातच मुक्कामाकडे चालत निघाला होता. एका लहान मुलाने त्याला खरा पाद्री समजून त्याचा हात धरला आणि निर्धास्तपणे बडबडत बरोबर चालत राहिला. दोन वर्षांनी गिनेस कॅथलिक झाला, त्यामागे इतर कारणंही होती, पण तो हात तो विसरला नाही. तू ज्या कपड्यांत भूमिका करणार आहेस त्या कपड्यांत एकदा रस्त्यावर जाऊन ये. जग तुझ्याशी वेगळं वागतं, आणि त्या वागण्याला तुझं अंग आपोआप उत्तर देतं. आरशासमोर हे घडत नाही.

१९५७चा ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत चित्रित झाला. कर्नल निकल्सन हा जपान्यांच्या कैदेतला ब्रिटिश अधिकारी, शिस्तीच्या अभिमानापोटी शत्रूसाठीच उत्तम पूल बांधून देणारा. गिनेसला त्यात थोडी विनोदाची झाक हवी होती, लीनला अजिबात नको होती. हा माणूस कंटाळवाणाच आहे, असं लीन म्हणाला आणि गिनेस दुखावला. सेटवर दोघांचं सतत बिनसत होतं. या भूमिकेने त्याला ऑस्कर दिलं.

त्यातलं एक दृश्य बघ. निकल्सनला पत्र्याच्या तापलेल्या खोलीत डांबून ठेवलंय आणि आता बाहेर काढतात. सैनिक बघताहेत. त्याला अधिकाऱ्यासारखं चालत जायचंय, पण पाय ऐकत नाहीत. ही चाल गिनेसने घरातून घेतली होती. त्याचा मुलगा मॅथ्यू लहानपणी पोलिओने आजारी पडला होता; त्यातून बरा होताना तो जसा पाय टाकायचा, ती ही चाल. आपण केलेल्या सगळ्या कामात हा तुकडा त्याला फार वरचा वाटायचा. बापाने रोज बघितलेली, काळजाला लागलेली गोष्ट आहे ती. म्हणूनच मला ‘बाहेरून आत’ आणि ‘आतून बाहेर’ या दोन अभिनयपद्धतींचं भांडण फारसं पटत नाही. ही चाल यांतल्या कुठल्या खान्यात घालशील?

‘स्टार वॉर्स’बद्दल तू विचारशीलच. संवाद त्याला आवडले नव्हते, काम मात्र त्याने चोख केलं; त्या सिनेमासाठी अभिनयाचं ऑस्कर नामांकन फक्त त्यालाच मिळालं. मानधनाबरोबर नफ्यातला छोटा वाटा ठरला होता, त्यातून इतका पैसा आला की पुढे पोटासाठी काम घ्यावं लागलं नाही.

म्हणूनच पासष्टाव्या वर्षी तो बीबीसीच्या एका मालिकेला सात भाग देऊ शकला. ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’, १९७९. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर या मालिकेत आहे.

जॉर्ज स्मायली हा निवृत्त केलेला गुप्तहेर. आपल्याच खात्यातला फितूर शोधायला त्याला परत बोलावतात. गिनेसने मूळ लेखकाला, जॉन ल कारेला, सांगितलं की मला खरा हेर बघायचाय. ल कारेने ब्रिटिश गुप्तचर खात्याचे निवृत्त प्रमुख सर मॉरिस ओल्डफिल्ड यांच्याबरोबर जेवणाचा बेत ठरवला. हेरगिरीबद्दल गिनेसने काय विचारलं असेल ते असो, तो बघत होता मनगटावरची भडक बटणं, सुएडचे बूट, बेंगरूळपणे बाळगलेली छत्री, पेल्याच्या कडेवरून फिरणारं बोट. जेवण उरकून पाहुणे निघाले तेव्हा त्यांना रस्त्यावरून जाताना पाठमोरं बघायची त्याला घाई झाली होती. नंतर त्याने ल कारेला त्या बोटाबद्दल विचारलं: विषाचा अंश आहे का, ते असं बघतात का?

ही शंका किती निरागस आहे! आणि नटाच्या दृष्टीने किती बरोबर! ओल्डफिल्ड कदाचित सहज बोट फिरवत असतील. पण गिनेसला प्रत्येक हालचालीच्या मागे गरज हवी होती.

मालिकेत यातलं थेट उचललेलं फारसं दिसत नाही. दिसतो तो ऐकणारा माणूस. रिकी टार नावाचा हेर आपली लांबलचक हकिगत सांगतो, तेव्हा स्मायली बसून असतो. तो मान डोलवत नाही. ‘ऐकतोय’ असं दाखवणाऱ्या ज्या गोष्टी आपण सगळे करतो, पुढे झुकणं, डोळे बारीक करणं, सूचक श्वास, त्यातलं जवळजवळ काहीच नाही. तरी कुठल्या वाक्यावर त्याला शंका आली ते आपल्याला कळतं. कसं? मी हे दृश्य किती वेळा थांबवून-थांबवून पाहिलंय त्याची गणती नाही, आणि मला जे दिसतं ते एवढंच: जिथे त्याला खोटं जाणवतं तिथे तो आणखी स्थिर होतो. आधीही तो स्थिर होता, पण ती स्थिरता आरामाची होती. हा फरक चेहऱ्याने ‘करता’ येत नाही. त्या क्षणी नटाच्या डोक्यात खरोखर हिशेब चालू असावा लागतो, समोरच्याचं वाक्य मागच्या वाक्याशी ताडून बघावं लागतं. पुढे कादंबरी लिहिताना आपल्याला गिनेसचाच आवाज ऐकू यायला लागला, स्मायली आपल्या हातून गेला, असं ल कारेने म्हणून ठेवलंय. १९८२ मध्ये स्मायलीचीच पुढची मालिका, ‘स्मायलीज पीपल’, आली. तिच्या शेवटी स्मायलीचा आयुष्यभराचा शत्रू पूल ओलांडून शरण येतो, त्याच्या हातातला लायटर जमिनीवर पडतो आणि स्मायली तो उचलत नाही. विजयाचा हा क्षण गिनेसने काही हरवल्यासारखा केलाय.

आता गोडबोले. १९८४ मध्ये लीनने ‘अ पॅसेज टू इंडिया’ केला, चित्रीकरणाचा मोठा भाग बंगळूरला झाला, आणि त्यात प्रोफेसर नारायण गोडबोल्यांच्या भूमिकेत गिनेस होता. आपल्यापैकी कोणी हे कोरडेपणाने बघू शकत नाही. ज्या कादंबरीवर हा सिनेमा आहे त्या ई. एम. फॉर्स्टरच्या कादंबरीतले गोडबोले दक्षिणी ब्राह्मण आहेत. वर्ण युरोपियनासारखा गोरा, डोळे करडे-निळे. हा तर आपल्या ओळखीचा घारा-गोरा चेहरा, सदाशिव पेठेत कुठल्याही सकाळी दिसणारा. सिनेमात मात्र गिनेसला तपकिरी रंग फासला, कारण पडद्यावरचा ‘भारतीय’ तसाच दिसायला हवा होता. शेजारी व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ काम करत असताना तो रंग आणखीच उपरा वाटतो. सिनेमातला सगळ्यात कच्चा दुवा म्हणून अनेकांनी याच भूमिकेकडे बोट दाखवलं, आणि ते योग्यच होतं.

पण रंगापाशी थांबलो तर नटाने शिकायची गोष्ट हुकते. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासच्या पवारांच्या, म्हणजे मराठा राजाच्या दरबारी होता आणि तिथली गोकुळाष्टमी त्याने जवळून पाहिली होती. कादंबरीच्या शेवटच्या भागात गोडबोले कृष्णजन्माच्या उत्सवात भजनी मंडळीत उभे आहेत, आणि मंडळी गाताहेत ती तुकारामाचं नाव घेऊन, तूच माझा बाप, तूच माय, असं. हे वाचताना आपल्या कानात टाळ सुरू होतात. गोडबोले वर्गात कसे उभे राहत असतील, चहाच्या वेळी इतरांपासून अंतर राखून कसे बसत असतील, हे आपल्याला माहीत असतं, कारण असे आजोबा, असे मास्तर आपण वर्षानुवर्षं बघितलेले असतात. गिनेसला ओल्डफिल्ड एका जेवणात कळले, कारण त्या वर्गातली इंग्रज माणसं तो पन्नास वर्षं बघत आला होता. त्या दुपारी फक्त शेवटचे चार तपशील मिळाले. गोडबोल्यांच्या बाबतीत ती पन्नास वर्षं नव्हती. मग हाती राहिली नुसती गूढ शांतता, ‘पूर्वेकडचा साधू’ हा तयार साचा. त्याने मेहनत केली होती, एक नाचही बसवला होता. लीनने तो जवळजवळ सगळा कापला आणि दोघांत कायमची कटुता आली. त्याच सिनेमात मिसेस मूर झालेली पेगी अॅशक्रॉफ्ट, जिला तो विंगेतून बघायचा तीच, ऑस्कर घेऊन गेली.

माझ्याकडे एक मुलगा होता. त्याला एका मालिकेत तालुक्याच्या गावातला तलाठी करायचा होता. ऑडिशनमध्ये त्याने सिनेमातले तलाठी एकत्र करून दाखवले आणि घरी परतला. मी त्याला आठवडाभर एका सरकारी कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसवलं. वहीत फक्त तीन गोष्टी लिहायच्या: पायात काय आहे, पिशवी कुठल्या हातात आहे, आणि कोणी हाक मारली की आधी काय वळतं, डोळे, मान की धड. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "ताई, धड वळतच नाही हो. फक्त पेन थांबतं." दुसऱ्या ऑडिशनमध्ये त्याने तेवढंच केलं. ‘कमी कर’ असं कोणी म्हणालं नाही. म्हणायला जागाच नव्हती.

तू असंच कर. आधी ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ आणि ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ लागोपाठ दोन संध्याकाळी बघ, हर्बर्ट आणि फॅगिन एकाच अंगातून कसे निघाले ते कळेल. मग ‘क्वाय’मधली ती चाल. ‘टिंकर टेलर’ घाई न करता, रोज एक भाग, आणि फक्त जेव्हा दुसरा कोणी बोलत असेल तेव्हा गिनेसकडे बघायचं. गोडबोले शेवटी, कादंबरीतला उत्सवाचा भाग वाचून झाल्यावर. हे चालू असताना तुझ्या सध्याच्या भूमिकेसाठी एक खरा माणूस निवड, ज्याला तू निदान दहा वर्षं बघत आलायस. नवा नको.

आणि चर्चमधला तो सहा जणांचा शॉट आवाज बंद करून, चेहरे झाकून बघशील तेव्हा मला कळव, कोणाची मान आधी ओळखलीस. माझ्या बहुतेक मुलांना आधी पाद्री सापडतो. मला दर वेळी लेडी अगाथा.